काच ठेवून एक फेरी

गाडी बघायला जाताना माझा भाऊ नवा शर्ट घालतो. मी त्याला शंभरदा सांगितलं, अरे, विकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपल्याकडे दमडी नाही. तर म्हणतो, "ताई, गाडीलाही वाटलं पाहिजे ना, की आपण बरे लोक आहोत." अशा माणसाला बरोबर घेऊन मी तीन आठवडे जुन्या पिकअप बघत फिरत होते. माझं डोकं ठिकाणावर राहिलं हेच नवल.

बाजारात त्याला सगळे सुसाट म्हणतात. बोलणं सुसाट, चालवणं सुसाट आणि प्रेमात पडणं तर विचारूच नका. कुठलीही गाडी दिसली, तिचं दार नीट लागलं, की तो म्हणणार, "हीच!"

आमचं काचेचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता आम्ही भावंडं चालवतो. मी काच कापते आणि बसवते. तो मापं घेतो, गाडी चालवतो आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. गोड बोलणं मला जमत नाही, हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे. मोठ्या काचा नेताना एक माणूस मागे हौद्यात उभा लागतोच, काचांवर लक्ष ठेवायला. तो माणूस म्हणजे मी.

आजवर भाड्याच्या टेम्पोवर भागलं. पण आता दवाखान्याच्या नव्या इमारतीचं काम समोर आलं होतं, दोनशे दहा खिडक्यांचं. इतकं मोठं काम दुकानाला कधीच मिळालं नव्हतं आणि गेल्या वर्षभरात तर आम्ही आरसे आणि फोटोफ्रेमच्या काचा कापून दिवस ढकलत होतो. हे काम मिळालं तर दुकान राहणार होतं. नाही मिळालं तर जागा सोडायची, हे भाऊ, बाबा आणि मी, आम्ही तिघांनी जेवताना बोलून टाकलं होतं. एकदाच बोललो, पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

तिथल्या इंजिनिअरबाईंची अट एकच होती, गाडी स्वतःची हवी. आधीच्या ठेकेदाराची माणसं भाड्याच्या टेम्पोची वाट बघत अर्धा दिवस बसून राहायची, त्याला त्या वैतागल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत गाडीच्या व्यवहाराचा कागद दाखवा, नाहीतर सोमवारपासून काम दुसऱ्याला. आज शनिवार होता. आमच्याकडे चार लाख होते. त्यावर एक पैसासुद्धा कुठून निघणार नव्हता.

आधी तीन गाड्या बघून झाल्या होत्या. पहिलीच्या बॉनेटवर मी हात ठेवला तर ते गरम. आपण यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलंय, म्हणजे गार असताना ते सुरू व्हायला कुरकुरतं, एवढं मला कळतं. दुसरीत अत्तराचा असा घमघमाट, की मला लग्नाला आल्यासारखं वाटलं. पायाखालची चटई उचलली तर खाली वाळलेला गाळ. गाडी पुरात बुडालेली होती. तिसरी खरोखर चांगली होती, म्हणून तिच्या मालकाने पाच चाळीस सांगितले आणि सांगताना हसलासुद्धा नाही.

चौथी ही. एका फरशीवाल्याची. घरोघर फरशी बसवायचा त्याचा धंदा, आता पाठ धरली म्हणून बंद करत होता. किंमत तीन नव्वद. आम्ही दोघं बाबांना घेऊन दुपारी अडीचला त्याच्या गोदामाशी पोचलो तेव्हा तो दारात खुर्चीवर बसलेला होता, पाठीला उशी लावून. उठताना त्याला दोन्ही हातांचा टेकू घ्यावा लागला. चेहरा साधा. मला असे साधे चेहरे बघितले की जास्तच धाकधूक होते, कारण त्यांच्याशी भांडता येत नाही.

"बघा सावकाश," तो म्हणाला. "फक्त चारला अजून एकजण येतोय. तेव्हा काय ते आधी ठरवा."

म्हणजे सावकाश बघा आणि लवकर ठरवा. मी कामाला लागले.

बॉनेट गार होतं. गार इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं, धूर नाही. ऑइलची काठी पुसून पुन्हा घालून बघितली, ऑइल जुनं पण पाणी मिसळलेलं नाही. क्लच ठीक. टायर दोन चांगले, दोन बदलावे लागतील असे. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना गंज, पण तुटकी पट्टी एकही नाही. खाली वाकून पाहिलं, तर चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, नवा काळा रंग.

"रंग कशाला दिला?" मी विचारलं.

"गंज लागू नये म्हणून," फरशीवाला म्हणाला. "पावसात उभी असते ना."

मग मी माझ्या धंद्यातली गोष्ट बघितली. गाडीच्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, त्यात काच बनल्याचं वर्ष असतं. अपघात झालेल्या गाडीची एखादी तरी काच नंतरच्या वर्षाची निघते. हिच्या सगळ्या काचा एकाच वर्षाच्या होत्या, गाडीच्याच. समोरची, दोन्ही दारांच्या, मागची. मी प्रत्येक शिक्का अंगठ्याने पुसून वाचला. ठोकलेली गाडी नव्हती. मला बरं वाटलं आणि मला बरं वाटलेलं सुसाटला लगेच दिसलं.

"हीच!" तो म्हणाला.

"तोंड मीट," मी म्हणाले. "अजून फेरी व्हायचीय."

ही फेरी म्हणजे बाबांची पद्धत. चाळीस वर्षांत कुठलाही नवा टेम्पो भाड्याने ठरवायच्या आधी ते हे करत आले. हौद्यात लाकडाची तिरकी चौकट उभी करायची, तिला आम्ही घोडी म्हणतो. ती घट्ट बोल्टने बसवायची. खाली दोन लाकडी ठोकळे ठेवायचे आणि त्यावर एक टाकाऊ काच, सहा फूट बाय चार फूट, घोडीला टेकवून दोरीने बांधायची. एरवी आम्ही काचेखाली रबर घालतो, मध्ये गोणपाट घालतो. या फेरीत काहीच घालायचं नाही. मग गाडी खराब रस्त्यावरून न्यायची. हौदा सरळ राहिला तर काच राहते. खालून गाडीचं अंगच मुरगळत असेल तर एक ठोकळा खचतो, दुसरा वर येतो, काचेचा मोकळा कोपरा फडफडतो आणि ती तडकते. इंजिन कसंही असो, ते दुरुस्त होतं. अंग मुरगळणाऱ्या गाडीत काच न्यायची नाही आणि काचेजवळ माणूस उभा करायचा नाही, एवढं बाबा ठाम सांगतात.

त्याला कारण आहे. अकरा वर्षांपूर्वी एका भाड्याच्या टेम्पोत मागचा फाळका उघडला, काच घसरली आणि ती धरायला बाबांनी हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना काचेला हात लावायचा नाही असं एकदा सांगितलं. आम्ही दोघांनी ते रोज सांगितलं. आता ते गल्ल्यावर बसतात, फोन घेतात आणि माझ्या कापणीतल्या चुका तिथूनच ओरडून सांगतात.

काच, घोडी, ठोकळे सगळं आम्ही भाड्याच्या टेम्पोतून बरोबर आणलं होतं. फरशीवाला बघत राहिला.

"हे कशासाठी?"

"आमची आपली सवय आहे," बाबा म्हणाले.

काच बांधून झाल्यावर मी हौद्यात चढायला लागले, तर बाबांनी मला खाली ओढलं. "तू पुढे बस. गिअरबॉक्स ऐक, काट्यांवर लक्ष ठेव. हा काय बघणार, हा नुसता पळवणार. मागे मी बसतो."

"काचेला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"शब्द द्या."

"शब्द दिला! शाळेतल्या पोरासारखं काय वागवतेस?" ते हौद्यात चढले, कॅबिनच्या भिंतीला पाठ लावून बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मला दिसावं म्हणून मुद्दाम, सावकाश.

गोदामामागे खडीचा रस्ता होता. एका बाजूने खचलेला, त्यावर अवजड गाड्यांनी पाडलेले तिरके चर. असा रस्ता शोधूनही मिळाला नसता. सुसाट चालवायला बसला, मी मध्ये, फरशीवाला दाराशी. पहिल्या चरात गाडीचं उजवं चाक उतरलं आणि माझे दात एकमेकांवर आपटले. मी गिअरबॉक्स ऐकत होते, असं म्हणायचं. खरं म्हणजे कान मागे होते. काच फुटल्याचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो. दुसरा चर. तिसरा, सगळ्यात खोल. काही नाही. गाडी वळवून आम्ही परत आलो, तेच चर पुन्हा. काही नाही.

गाडी थांबायच्या आत सुसाटने दार उघडलं. काच घोडीवर उभी होती, अखंड. त्याने बाबांना हात देऊन उतरवलं, मला मिठी मारली, फरशीवाल्याच्या पाठीवर थाप मारणार होता पण त्याचं दुखणं आठवून थांबला.

"साडेतीन वाजलेत," तो म्हणाला. "कागद करून टाकू. साडेचारला दवाखान्याच्या साइटवर. ताई, दोनशे दहा खिडक्या!"

फरशीवाला गोदामातून कागदांची पिशवी आणि पेन घेऊन आला. सुसाट बॉनेटवरच कागद पसरून बसला. मला आनंद झाला होता, हे मी कबूल करते. मनातल्या मनात मी दोन टायर बदलूनही टाकले होते. आता काचेची दोरी सोडून ठेवावी म्हणून मी मागे वळले, आणि मला बाबांचा शर्ट दिसला.

काचेचे ताव एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कारखान्यात त्यांच्यामध्ये बारीक पांढरी पूड मारतात. आमच्या कपड्यांना, केसांना, भुवयांनाही ती लागलेली असते. पण बाबा आता काचेजवळ जात नाहीत, त्यांचे शर्ट स्वच्छ असतात. आज त्यांच्या डाव्या खांद्यावरून कोपरापर्यंत पांढरी रेघ होती. पट्टीने आखावी तशी सरळ. अशी रेघ काचेची कड अंगावर दाबून धरली तरच उमटते.

"बाबा, काच धरली होती तुम्ही?"

"नाही."

"हा शर्ट बघा."

त्यांनी मान वळवून खांदा बघितला, हाताने झटकला. "उतरताना लागलं असेल."

"उतरताना तुम्ही त्या बाजूला गेलाच नाहीत."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

त्यांचा आवाज चढला आणि बॉनेटवरून सुसाटने मान वर केली. फरशीवाल्याचं पेन तसंच हातात राहिलं.  साऱ्या बाजारात ज्यांच्या शब्दावर उधारी चालायची त्या माणसाला मी परक्यासमोर खोटारडं ठरवत होते.

"तसं नाही म्हणत मी. एक फेरी परत मारू."

"ताई, पुरे," सुसाट म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तीन आठवडे हेच. ही गरम, ती ओली, ती महाग. एक धड गाडी मिळालीय, तर तू बाबांवर संशय घेतेस? तुला गाडी घ्यायचीच नाहीये. घाबरतेस तू."

"हो, घाबरते," मी म्हणाले. "मागे मी असते, तू नसतोस."

 फरशीवाल्याने घड्याळ बघितलं. "ताई, माझं काही म्हणणं नाही. मात्र चारला ते दुसरे आले आणि त्यांनी पैसे समोर ठेवले, तर मी थांबणार नाही. मलाही अडचणी आहेत."

चार वाजायला वीस मिनिटं होती. मी बाबांकडे बघितलं. ते कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत होते आणि मला एक गोष्ट लख्ख दिसली. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं, की आपण काचेला हात लावला नाही.

"चल," ते म्हणाले. "तूही बस मागे. तुझ्या डोळ्यांनी बघ, म्हणजे तुझी खात्री पटेल."

आम्ही दोघं हौद्यात चढलो. कॅबिनच्या भिंतीशी, मी उजवीकडे, ते डावीकडे, काचेच्या मोकळ्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी पुन्हा हात गुडघ्यांवर ठेवले. पुढे फरशीवाला कागद आवरून दाराशी बसला आणि सुसाटने रागारागाने गिअर टाकला.

"हळू घे रे!" मी कॅबिनच्या मागच्या काचेवर थापटून ओरडले. त्याने ऐकलं.

पहिल्या चराच्या अलीकडे मी बाबांच्या हातांकडे बघत होते, काचेकडे नाही. चाक उतरलं. हौदा एका बाजूला कलला आणि माझ्या पायाखालून, पत्र्यातून, एक पिळवटल्यासारखी हालचाल गेली. काचेचा मोकळा कोपरा घोडीपासून सुटला, थरथरला. आणि बाबांचं डावं कोपर गुडघ्यावरून उठलं. ते तिकडे बघतही नव्हते, त्यांचं लक्ष माझ्यावर होतं, रागावलेलं. पण कोपर उठलं, खांदा पुढे झुकला आणि काचेची कड त्या खांद्यावर अलगद टेकली. थरथर थांबली. चाक वर आलं. खांदा मागे आला. हात गुडघ्यावर.

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. 

माझा चेहरा बघून त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग काचेकडे. मग पुन्हा हाताकडे.

"मी आत्ता...?"

"हो."

"मला कळलंसुद्धा नाही ग."

त्यांचा आवाज इतका लहान झाला होता, की मला त्यांचा राग यायच्या जागी भलताच उमाळा आला. गिऱ्हाइकाची एकही काच न फोडता वर्षानुवर्षं ती गावभर पोचवणाऱ्या माणसाला आम्ही सांगत होतो, ही काच फुटू दे, तू नुसता बघ. ते त्यांना जमणार कसं? मला तरी जमलं असतं का? माझाही हात मघाशी मांडीवरून उचललेला होता, हे मला आता दिसलं.

दुसरा चर जवळ येत होता.

"बाबा, हात द्या."

"काय?"

"दोन्ही. इकडे."

मी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि त्यांना माझ्या बाजूला ओढून घेतलं, काचेपासून लांब. उजव्या हाताची तीन बोटं काठीसारखी ताठ. डावा हात अजून एखाद्या कारागिराचा, जाड आणि ताकदीचा. चाक उतरलं. हौदा पिळला. काच थरथरू लागली आणि त्यांचा डावा हात माझ्या मुठीत असा काही ओढ घेऊ लागला, की मला तो दोन्ही गुडघ्यांत दाबून धरावा लागला.

"सोड," ते म्हणाले. "अगं, जाईल ती."

"जाऊ दे."

"सोड म्हणतो ना!"

मी सोडलं नाही. मी डोळेही मिटले नाहीत, कारण मिटले असते तर हात सुटला असता. तिसऱ्या चरात पुढचं डावं चाक खोल गेलं आणि मागचं उजवं हवेत आलं. ठोकळा सरकला. खालच्या कोपऱ्यातून एक बारीक कट् असा आवाज झाला, आणि तिथून एक रेघ काचेत तिरकी वर चढली. तिला कसलीच घाई नसल्यासारखी ती वरच्या कडेपर्यंत गेली. बाबांच्या घशातून एक आवाज निघाला. मग वरचा अर्धा भाग दोरीतून सुटला आणि हौद्यात मागच्या बाजूला उभाच्या उभा आदळला.

गाडी थांबली. 

मग सुसाट मागे आला. त्याने फुटलेली काच पाहिली, आम्हाला पाहिलं, बाबांचे माझ्या मुठीतले हात पाहिले. त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. तो नव्या शर्टासकट रस्त्यावर उताणा झोपला आणि गाडीखाली गेला. खिशातली किल्ली काढून तो काळा रंग खरवडत असल्याचा आवाज आम्हाला हौद्यात येत होता. बराच वेळ येत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातावर रंगाचे कपचे होते.

"वेल्डिंग आहे," तो म्हणाला. "वीतभर. दोन ठिकाणी. शिवणीच्या शेजारून परत फाटतंय."

फरशीवाला रस्त्याकडे बघत होता. "फरशी जड असते हो," तो शेवटी म्हणाला. "एका फेरीत होईल तेवढं भरायचो. वेल्डर म्हणाला, काही होत नाही, दहा वर्षं बघायला नको." मग म्हणाला, "तीन द्या. तीन लाख. नव्वद सोडले मी."

मला इथे खरं सांगायचं आहे. मी हो म्हणणार होते. हातात लाखभर उरत होते, तेवढ्यात चासीचं काम नीट करून घेता आलं असतं, निदान तसं वाटत होतं. सोमवार सांभाळला असता. मी सुसाटकडे बघितलं आणि त्यानेही माझ्याकडे तसंच बघितलं.

"हळू चालवली तर, ताई?" तो म्हणाला. "कमी काचा भरल्या तर? दवाखान्यापर्यंत रस्ता चांगला आहे. दोनशे दहा खिडक्या आहेत ग."

"बघू या," मी म्हणाले. "एखाद्या चांगल्या वेल्डरला दाखवून..."

बाबा माझ्या हातातून हात सोडवून उठले. हौद्याच्या मागच्या टोकाशी गेले. वरून पडलेला काचेचा तुकडा तिथे पत्र्यावर अंथरलेल्या लाकडी फळीत रुतून उभा राहिला होता, माझ्या कमरेएवढा. त्याच्या शेजारी ते पाय जुळवून उभे राहिले आणि तोंड घोडीकडे केलं, जसं काच नेताना मी उभी राहते.

"इथेच उभी असतेस ना तू?"

 सुसाटने माझ्याऐवजी मान हलवली.

"नको आम्हाला गाडी," बाबा फरशीवाल्याला म्हणाले. "तीनला नको, दोनला नको. आणि चारला येतोय त्याला हे खालचं दाखवा. नाही दाखवलंत तर मी इथे बसून राहतो आणि मीच दाखवतो."

 फरशीवाल्याने हातातले कागद पिशवीत भरले. मग गोदामाकडे चालत गेला, पाठ धरून, आणि खुर्चीवर बसून राहिला.

सुसाटने तिथूनच फोन लावला. एवढा बोलका माणूस, पण चार वाक्यांत त्याचं बोलणं संपलं. "नाही मॅडम. मिळाली नाही. हो, समजलं. नाही, पाचपर्यंत होणार नाही." फोन खिशात ठेवून तो गाडीच्या चाकाला टेकून बसला. शर्टाची पाठ काळी झाली होती. दुकान गेलं हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी चिडते, म्हणून मी तुकडे गोळा करायला लागले, उगाच आदळत.

बाबा मदतीला आले नाहीत. ते तिथेच उभे होते, माझ्या जागेवर.

"मघाशी पहिल्या फेरीत मी काच वाचवली," ते म्हणाले, "आणि तुला इथे उभी करून दिली असती."

"झालं ते झालं. खाली उतरा आता."

"केवढा आनंद झाला होता मला, ती फुटली नाही म्हणून."

मी तुकड्यांच्या पोत्याचं तोंड बांधलं, त्यांच्याजवळ गेले आणि त्यांचा खांदा बघितला. पांढऱ्या रेघेवर शर्ट बारीक चिरला होता आणि खाली कडेने कापलेली लांब रेघ होती, मघाशी पुडीत ती मला दिसलीच नव्हती. रक्त वाळून शर्टाला चिकटलं होतं आणि त्यांना तेही कळलं नव्हतं. मी पाण्याची बाटली उघडली आणि कापड सुटेपर्यंत त्यावर पाणी ओतत राहिले. सुसाट येऊन बाजूला उभा राहिला आणि त्याने त्यांचा हात धरून ठेवला.